चौकोनी भोकाची नाणी : चीनची कोणती, व्हिएतनामची कोणती?

चीन आणि व्हिएतनामची जुनी नाणी गोल असतात. मधोमध चौकोनी भोक आणि भोकाच्या चार बाजूंना चार अक्षरे, एवढाच त्यांचा ऐवज. राजाचा चेहरा नाही, सनाचा आकडा नाही, देशाचे नावही सहसा नाही. इसवी सनापूर्वी २२१ मध्ये छिन राज्याने चीन एका छत्राखाली आणला, तेव्हा त्या राज्याची ‘बान लियांग’ ही चौकोनी भोकाची नाणी साम्राज्यभर लागू झाली. या घडणीची अखेरची नाणी व्हिएतनामचा शेवटचा सम्राट बाओ दाई (१९२६–१९४५) याच्या नावाने निघाली. मधल्या दोन हजारांहून अधिक वर्षांत आकृती जवळपास तशीच राहिली, आणि ओळखण्याची अडचण नेमकी तिथेच आहे. नाणेसंग्राहकांमध्ये या सगळ्या नाण्यांना सरसकट ‘कॅश’ म्हणतात.

ही नाणी ठशाने ठोकलेली नाहीत, ओतलेली आहेत, हे आधी ध्यानात घ्यावे. काळजीपूर्वक कोरलेली नमुना-नाणी बारीक वाळूच्या साच्यात दाबत, त्यांच्यामधून धातू वाहण्यासाठी एक पन्हळ ठेवत आणि वितळलेले कासे किंवा पितळ आत सोडत. साचा उघडला की फांदीला पाने लगडावीत तशी नाणी मधल्या दांडीला चिकटून निघत. ती तोडून चौकोनी सळईत ओवायची आणि सगळ्यांच्या कडा एकदम कानसायच्या. भोक चौकोनी असल्याने नाणी सळईवर फिरत नसत. सोंग यिंगशिंगच्या १६३७ सालच्या ‘थ्येनगोंग खायवू’ या उद्योगविषयक ग्रंथात ही सगळी रीत चित्रांसह दिली आहे. याचे दोन परिणाम ओळखताना उपयोगी पडतात. एक, खऱ्या नाण्याच्या कडेवर कानशीच्या खुणा असू शकतात आणि दोन नाणी तंतोतंत सारखी नसतात. दोन, चालू नाणेच नमुना म्हणून वाळूत दाबून कोणी नक्कल केली, तर थंड होताना धातू आकसतो आणि नक्कल मूळ नाण्याहून किंचित लहान, बारीक आणि पुसट निघते. खाजगी आणि परदेशी नकला पकडण्याचा हा सर्वांत भरवशाचा पुरावा आहे.

नाणे हातात आले की पहिला प्रश्न, वरची बाजू कोणती? चिनी येत नसलेल्या माणसालाही तो एका अक्षरावरून सोडवता येतो. ते अक्षर म्हणजे ‘बाओ’, अर्थ मौल्यवान वस्तू, धन. चारही अक्षरांत ते बहुधा सर्वांत दाट असते. त्याच्या माथ्यावर एका ठिपक्यासह छप्परासारखी रेघ असते. सर्वांत खाली उभा आयत असतो, आयताच्या आत दोन आडव्या रेघा आणि तळाला दोन आखूड पाय. हे अक्षर डाव्या हाताला येईल असे नाणे धरावे. चार अक्षरी नाण्यांच्या दोन्ही प्रचलित वाचनपद्धतींत ‘बाओ’ डावीकडेच येते, म्हणून ही युक्ती सहसा चुकत नाही.

आता ‘थोंग’ किंवा ‘युआन’ हे अक्षर शोधावे. ‘थोंग’ची खूण म्हणजे डावीकडून खाली उतरून तळाशी उजवीकडे पसरत जाणारी लांब रेघ. ‘युआन’ अगदी साधे असते, वर दोन आडव्या रेघा, खाली दोन पाय आणि उजवा पाय बाहेर वळलेला. हे अक्षर उजवीकडे असेल तर लेख वर, खाली, उजवीकडे, डावीकडे असा वाचायचा. ते खाली असेल तर वरून सुरुवात करून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरायचे. दोन्ही वेळा शेवटचे अक्षर ‘बाओ’च. ‘थोंग बाओ’ म्हणजे चलनातले धन, ‘युआन बाओ’ म्हणजे मूळ किंवा प्रथम धन. कधीकधी ‘झोंग बाओ’, म्हणजे जड धन, असते आणि ते बहुधा जास्त किमतीच्या नाण्यावर. उरलेली दोन अक्षरे सहसा कालनाम असतात. सम्राट आपल्या कारकिर्दीला किंवा तिच्या एका भागाला जे शुभ नाव देई ते हे. कालनाम वाचता आले की सनांचा पट्टा मिळतो. वर्ष मात्र क्वचितच मिळते.

चार अक्षरांआधीची नाणी वेगळी. ‘बान लियांग’ आणि इसवी सनापूर्वी ११८ मध्ये हान सम्राट वू याने सुरू केलेले ‘वू झू’ यांवर दोनच अक्षरे असतात आणि ती उजवीकडून डावीकडे वाचतात. ‘वू झू’चे ‘वू’, म्हणजे पाच, ओळखायला फार सोपे आहे. वर-खाली दोन आडव्या रेघा आणि मध्ये एकमेकींना छेदणाऱ्या दोन वक्र रेघा. हे नाणे वेगवेगळ्या राजवटींनी सातशेहून अधिक वर्षे ओतले, त्यामुळे नुसते ‘वू झू’ म्हणून काळ ठरत नाही. त्यासाठी रेघांचा वळसा, कडेची रुंदी आणि वजन यांचा बारीक अभ्यास लागतो आणि तो नवशिक्याच्या आवाक्याबाहेरचा आहे.

इ.स. ६२१ मध्ये थांग वंशाचा संस्थापक गावझू याने ‘वू झू’ बंद करून ‘काययुआन थोंग बाओ’ आणले. अक्षरे ओउयांग श्यून या प्रख्यात सुलेखनकाराची. व्यास सुमारे अडीच सेंटिमीटर, वजन सुमारे चार ग्रॅम आणि दहा नाण्यांचे वजन एक लियांग. पुढच्या जवळजवळ सर्व नाण्यांनी हे माप डोळ्यांपुढे ठेवले. या नाण्यात एक सापळा आहे. ‘काययुआन’ हे थांग सम्राट श्वानझोंगचे कालनामही होते, ७१३ ते ७४१. म्हणून अनेकजण नाणे शंभर वर्षे पुढे ढकलतात. मात्र नाण्यावरचे ‘काययुआन’ कालनाम नाहीच, ‘नव्या युगाचा आरंभ’ असा त्याचा भाव आहे. काही नाण्यांच्या पाठीवर नखाच्या टोकासारखी चंद्रकोर असते. मेणाच्या नमुन्यावर सौंदर्यवती यांग ग्वेफेइचे नख रुतले, अशी तिची कथा सांगतात. यांग ग्वेफेइ जन्मली ७१९ च्या सुमारास, त्यामुळे ६२१ च्या मेणाला तिचे नख लागणे कठीणच. ८४५ मध्ये बौद्ध मठांवर सरकारी टाच आली, तेव्हा मूर्ती आणि घंटा वितळवून हेच नाणे पुन्हा ओतले गेले. त्या नाण्यांच्या पाठीवर टाकसाळीचे एकाक्षरी नाव असते आणि घडण बरीच ढोबळ असते.

खरी श्रीमंती उत्तर सोंग काळात (९६०–११२७) आहे. सम्राट वारंवार कालनाम बदलत आणि प्रत्येक नावाने नवे नाणे निघे. १०८० च्या सुमारास वर्षाला पन्नास लाखांहून अधिक माळा, म्हणजे हिशोबाने पाच अब्ज नाणी ओतली जात. आजही बाजारात सर्वाधिक जुनी चिनी नाणी मिळतात ती याच काळातली आणि म्हणूनच ती स्वस्तही आहेत. प्राचीन वस्तू महागच असणार हा समज इथे पार खोटा ठरतो.

सोंग नाण्यांवर एकच लेख वेगवेगळ्या लिप्यांत येतो. कधी सरळ, कोनदार वळणाची नियमित लिपी, कधी गोलाईची प्राचीन मुद्रालिपी, कधी वाहती धावती लिपी. एकाच कालनामाची, एकाच मापाची पण दोन लिप्यांतली नाणी जोडीने काढण्याची पद्धत होती. संग्राहकांना या जोड्या जमवण्याचे वेड असते, आणि ते वेड समजण्याजोगे आहे. सम्राट थायझोंगने ‘छुनह्वा’ काळात (९९०–९९४) नाण्यासाठी स्वतः अक्षरे लिहिली. सम्राट ह्वेइझोंग (११००–११२५) याच्या सडपातळ, तलवारीसारख्या धारदार रेघांच्या अक्षरांमुळे ‘दाग्वान थोंग बाओ’ आणि ‘छोंगनिंग थोंग बाओ’ ही नाणी या परंपरेतली सर्वांत देखणी मानली जातात. राज्यकर्ता म्हणून त्याची कारकीर्द वाताहतीत संपली, पण नाण्यावरचा त्याचा हात निर्विवाद आहे.

नियमाला एक गमतीचा अपवाद १०३९ च्या सुमारास झाला. तेव्हाचे कालनाम होते ‘बाओयुआन’. त्यात ‘बाओ’ही होते आणि ‘युआन’ही, म्हणून रूढ पद्धतीने नाणे काढले असते तर अक्षरे दोनदा आली असती. सम्राट रेनझोंगने तोडगा काढला आणि त्यावर ‘ह्वांगसोंग थोंग बाओ’, म्हणजे ‘सम्राट सोंगांचे धन’, असे लिहिले गेले. कालनाम नसलेले हे नाणे आज सर्वसाधारण सोंग नाण्यांपैकी एक आहे. दक्षिण सोंग राजवटीने नंतर संग्राहकांवर मोठा उपकार केला. ११८० पासून पाठीवर कालनामातल्या वर्षाचा आकडा येऊ लागला. ‘छुनशी’ या कालनामाच्या नाण्यांवर सातपासून सोळापर्यंतचे आकडे सापडतात, त्यांतला सात म्हणजे ११८०. ओतीव नाण्यावरून नेमके वर्ष हाती येण्याची ही दुर्मिळ संधी.

मिंग काळात (१३६८–१६४४) शब्दांच्या जोड्या आक्रसल्या. संस्थापकाचे नाव झू युआनझांग. त्याच्या नावातल्या ‘युआन’चा उच्चार टाळायचा म्हणून ‘युआन बाओ’ मागे पडले आणि ‘थोंग बाओ’च प्रमुख झाले. सोळाव्या शतकापासून कास्याऐवजी पितळ येऊ लागले, म्हणजे नाण्याचा रंग पिवळट होत गेला. पाठ बहुतेक कोरीच असते.

छिंग वंशाची (१६४४–१९११) नाणी ओळखायला सर्वांत सोपी, कारण पाठीवर मांचू लिपी असते. वरून खाली उतरणारी, एकाच उभ्या दांड्याला फाटे फुटलेली. अठराव्या शतकापासूनच्या बहुतेक नाण्यांवर डावीकडचा शब्द एकच असतो, म्हणजे ‘बाओ’चे मांचू रूप, आणि उजवीकडे टाकसाळीचे नाव. बीजिंगमध्ये महसूल खात्याची ‘बाओछुआन’ आणि बांधकाम खात्याची ‘बाओयुआन’ अशा दोन टाकसाळी होत्या. सर्वाधिक दिसणारी नाणी याच दोघींची. दर्शनी बाजूची कालनामे क्रमाने अशी: शुनझी (१६४४–१६६१), कांगशी (१६६२–१७२२), योंगझेंग (१७२३–१७३५), छियानलोंग (१७३६–१७९५), जियाछिंग (१७९६–१८२०), दाओग्वांग (१८२१–१८५०), शियानफंग (१८५१–१८६१), थोंगझी (१८६२–१८७४), ग्वांगशू (१८७५–१९०८) आणि श्वानथोंग (१९०९–१९११). छियानलोंगने शिंजियांग जिंकल्यावर यारकंद, अक्सू अशा ठिकाणी तांबूस रंगाची नाणी निघाली. त्यांच्या पाठीवर मांचूबरोबर अरबी लिपीतले तुर्की नाव असते. शियानफंगच्या काळात थायपिंग बंडाने युन्नानचे तांबे अडले, तेव्हा सरकारने दहा, पन्नास, शंभर, अगदी हजार किमतीची मोठी नाणी काढली. १८८९ मध्ये ग्वांगदोंगला यंत्रावर ठोकलेली नाणी सुरू झाली. त्यांची कड सुबक, भोक काटेकोर आणि अक्षरे एकसारखी, त्यामुळे ती ओतीव नाण्यांपासून लगेच वेगळी दिसतात.

व्हिएतनामचे पहिले नाणे दिन्ह बो लिन्ह याच्या ‘थाय बिन्ह’ (९७०–९७९) या कालनामाचे, ‘थाय बिन्ह हुंग बाओ’. काहींच्या पाठीवर ‘दिन्ह’ हे कुळाचे अक्षर असते. पुढच्या ले होआनच्या ‘थिएन फुक त्रान बाओ’च्या पाठीवर ‘ले’ येते. पाठीवर राजघराण्याचे नाव देणे चिनी रिवाजात बसत नाही, म्हणून ही खूण मिळाली की प्रश्न तिथेच मिटतो. हो क्वि ली याने १३९६ मध्ये कागदी नोटा आणून नाणी बंद करायचा घाट घातला. त्यानंतर मिंगांचा ताबा आला. ले लोई याने मिंगांना हुसकावल्यावर ‘थुआन थिएन न्गुएन बाओ’ (१४२८ पासून) आले. ले थान्ह तोंग (१४६०–१४९७) याची ‘क्वांग थुआन’ आणि ‘होंग दुक’ ही नाणी सुबक आणि भरीव आहेत. व्हिएतनामी म्हणजे पातळ आणि गबाळे, हे संग्राहकांचे मत पंधराव्या शतकाला लागू पडत नाही.

अठराव्या शतकात मात्र विविधतेचा पूर आला. ले हिएन तोंगचे ‘कान्ह हुंग’ (१७४०–१७८६) हे एकच कालनाम असंख्य प्रकारांत सापडते. तिसरे अक्षर ‘थोंग’ऐवजी कधी ‘प्रचंड’, कधी ‘चिरंतन’, कधी ‘मध्य’ अशा अर्थाचे असते. ‘क्वांग त्रुंग’ (१७८८–१७९२) आणि ‘कान्ह थिन्ह’ (१७९३–१८०१) ही तेय सोन बंडखोर राजवटीची नाणी पातळ, स्वस्त आणि मुबलक आहेत. ‘क्वांग त्रुंग’चे पहिले अक्षर आणि चीनच्या ‘ग्वांगशू’चे पहिले अक्षर एकच आहे, त्यामुळे घाईने वाचणारा दोन्ही एकाच डब्यात टाकतो. पाठ पाहिली तर ‘ग्वांगशू’वर मांचू लिपी असते, ‘क्वांग त्रुंग’वर नसते.

न्गुएन वंशाच्या (१८०२–१९४५) नाण्यांत धातू बोलतो. ‘जा लोंग’, ‘मिन्ह मांग’, ‘थिएउ त्री’ आणि ‘तू दुक’ यांची नाणी पितळेबरोबर जस्तातही मोठ्या संख्येने निघाली. जस्ताचे नाणे करडे, हलके आणि ठिसूळ असते, दमट मातीत त्याचे पापुद्रे सुटतात. चिनी सरकारी टाकसाळींत जस्ताची नाणी प्रचलित नव्हती, म्हणून असे नाणे दिसताच पहिला अंदाज व्हिएतनामचा करावा. काही पितळी नाण्यांच्या पाठीवर ‘सहा वान’ किंवा ‘दहा वान’ असे लिहिलेले असते, म्हणजे ते एक नाणे सहा किंवा दहा जस्ती नाण्यांच्या बरोबरीचे. ‘तू दुक बाओ साओ’ ही मोठी नाणी १० ते ६० वान अशा किमतींची आहेत. चीनमध्ये हिशोबाची माळ हजार नाण्यांची होती, तर व्हिएतनाममध्ये सहाशेची. फ्रेंच सत्तेने १९०५ मध्ये टोंकिनसाठी काढलेल्या जस्ती नाण्याची किंमतही पियास्तरचा सहाशेवा भाग अशीच ठरवलेली आहे, आणि त्यावर रोमन लिपीत फ्रेंच मजकूर व सन असल्याने ओळखण्याचे काम पडतच नाही.

लेख वाचता आला म्हणजे काम झाले असे समजणे ही या क्षेत्रातली सर्वांत महागडी घाई. ‘युआनफंग थोंग बाओ’चे उदाहरण घ्यावे. चीनमध्ये युआनफंग हे १०७८–१०८५ चे कालनाम. तीच अक्षरे व्हिएतनाममध्ये ‘न्गुएन फोंग’ म्हणून वाचतात, आणि त्रान राजवंशाचा थाय तोंग याने हेच कालनाम १२५१–१२५८ मध्ये घेतले होते. पुढे १६५९ ते १६८५ या काळात जपानच्या नागासाकीत परदेशी व्यापारासाठी याच लेखाची नाणी ओतली गेली आणि त्यातली बरीच व्हिएतनाममध्ये जाऊन खपली. म्हणजे एका लेखाचे तीन देश, आणि पहिल्या व शेवटच्या नाण्यात सहाशे वर्षांचे अंतर. ‘दादिंग’ हे उत्तर चीनमधल्या जिन वंशाचे कालनाम (११६१–११८९) व्हिएतनाममध्येही ‘दाई दिन्ह’ म्हणून वापरले गेले. सर्वांत चमत्कारिक उदाहरण १७८८ चे. छिंग सैन्य व्हिएतनाममध्ये उतरले तेव्हा खर्चासाठी ‘छियानलोंग थोंग बाओ’ असा लेख आणि पाठीवर मांचूऐवजी ‘आन नाम’ (व्हिएतनाम) ही अक्षरे असलेली नाणी काढली गेली. दर्शनी बाजू चिनी सम्राटाची, पाठ व्हिएतनामची. १७८९ च्या नववर्षालाच तेय सोन राजवटीच्या क्वांग त्रुंगने ते सैन्य पळवून लावले.

अशा वेळी निवाडा करायचा तो हाताला आणि डोळ्याला जाणवणाऱ्या गोष्टींवरून. सोंग काळचे अस्सल नाणे बहुधा भरीव असते, कड ठळक आणि अक्षरे खोलवर उठलेली असतात. व्हिएतनाममध्ये खाजगी ओतकारांनी सोंग लेखांच्या असंख्य नकला केल्या. त्या लहान, पातळ, पाठीला सपाट, पुसट अक्षरांच्या असतात आणि त्यांवर धातूचे खड्डे दिसतात. म्हणून व्यास मिलिमीटरच्या दशांशात आणि वजन ग्रॅमच्या दशांशात नोंदवल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. अशा सरमिसळ नाण्यांत जपानची ‘कानएई त्सूहो’ही येतात. पाठीवर लाटांच्या रेघा असतील तर ती चार मोनची जपानी नाणी. कोरियाच्या ‘सांगप्योंग थोंगबो’च्या पाठीवर कार्यालयाच्या खुणा आणि आकडे असतात.

नाणे जमिनीत किंवा पाण्यात कुठे सापडले, याचा आणि ते कधी ओतले, याचाही गोंधळ करू नये. १३२३ च्या सुमारास कोरियाच्या सिनान किनाऱ्याजवळ बुडालेल्या जहाजात सुमारे २८ टन चिनी नाणी निघाली. त्यांत कित्येक शतके जुनी नाणीही होती, कारण जुनी नाणी चलनात राहतच असत. भारतातही तंजावर परिसरात चिनी नाण्यांचे साठे मिळाले आहेत आणि त्यांत उत्तर सोंग नाण्यांचा भरणा आहे. चोळांच्या वकिलाती १०१५, १०३३ आणि १०७७ मध्ये सोंग दरबारी गेल्या होत्या, तेव्हा या नाण्यांची वाट समजण्याजोगी आहे. केरळमधल्या कोल्लम बंदरात गाळ उपसतानाही २०१४ मध्ये चिनी नाणी वर आली.

पुण्यामुंबईच्या दुकानांत लाल दोऱ्यात गुंफलेली तीन ‘फेंगशुई’ नाणी मिळतात. ती बहुतांश आधुनिक ओतीव वस्तू आहेत, त्यांवर कांगशी, छियानलोंग अशी नावे असली तरी. एकसारखा गुळगुळीत पृष्ठभाग, एकच रंग आणि कडेवर साच्याची शिवण ही त्यांची लक्षणे. चित्रे, प्राणी, नक्षत्रे किंवा लांबलचक शुभवचने असलेले मोठे, जाड तुकडे बहुधा चलन नसून ताईत असतात. त्यातले जुने ताईत स्वतंत्रपणे मोलाचे आहेत, पण त्यांना नाण्यांच्या यादीत शोधू नये. जुन्या नाण्यावरचा हिरवा थर कठीण आणि धातूशी एकजीव असतो, बनावट थर बऱ्याचदा रंगासारखा वर बसलेला असतो आणि अ‍ॅसिटोनने सुटतो. हा थर घासून काढणे म्हणजे पुरावा आणि किंमत दोन्ही घालवणे.

पडताळणीसाठी चिनी नाण्यांना डेव्हिड हार्टिल यांची ‘कास्ट चायनीज कॉइन्स’ (२००५) आणि व्हिएतनामी नाण्यांना अ‍ॅलन बार्कर यांचा २००४ चा ग्रंथ आज सर्वाधिक वापरतात. फ्रेडरिक स्क्योथ यांची १९२९ ची सूची जुन्या लिलावांतल्या क्रमांकांसाठी लागते. एदुआर्द तोदा यांचे १८८२ चे आनामच्या नाण्यांवरचे पुस्तक वाचायला रंजक आहे, पण त्यातल्या ओळखी आता तपासून घ्याव्या लागतात.